पॅरामेशियम आडवंच का फाटतं? तलावपाळीच्या पाण्यात केंद्रक दुभंगताना कसं बघायचं

गेल्या पावसाळ्यात भाची नौपाड्याच्या घरी दहावीचं विज्ञान घेऊन बसली होती. मधेच मान वर करून म्हणाली, मामा, अमिबा कसाही फाटतो, पॅरामेशियम आडवं फाटतं, युग्लीना उभं फाटतं, हे पाठ झालं, पण असं का? म्हटलं पुस्तकात बघ. तर म्हणते, पुस्तकात नुसतं चित्र आहे. मी झूऑलॉजीत बीएस्सी केलेला माणूस, नोकरी भलत्याच लाइनमधे, तरी मला हे यायला हवं होतं आणि आलं नाही. मग जुना मायक्रोस्कोप माळ्यावरून काढला आणि पुढचे दोन महिने घरात बरण्याच बरण्या. त्यातून जे जमलं आणि जे फसलं ते लिहितोय, म्हणजे तुमच्या बरण्या तरी वाया जायला नकोत.

उत्तर आधी देऊन टाकतो, नाहीतर बघताना काय बघायचं तेच कळत नाही. केंद्रक आपलंआपण फाटत नाही. कुठे फाटायचं, कुठल्या दिशेने, आणि फाटताना केंद्रकाभोवतीचं पटल ठेवायचं की मोडायचं, यातलं बरंचसं पेशीच्या आतला सांगाडा ठरवतो. सांगाडा म्हणजे हाडं नव्हेत बरं का. बिल्डिंगला रंग काढताना बांबूची परांची बांधतात ना, तसलं काहीतरी, एका बाजूने सोडायची, दुसऱ्या बाजूने बांधायची, काम झालं की सगळी उतरवायची. यातले जाड बांबू म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांची पोकळ नळी, जाडी साधारण २५ नॅनोमीटर. बारीक दोऱ्या म्हणजे अ‍ॅक्टिन, ७ नॅनोमीटरच्या आसपास. आपल्या साध्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगवेगळं दिसतच नाही, म्हणजे परांची दिसणार नाही, परांचीमुळे भिंत कशी हलते तेवढं दिसेल. हे आधीच सांगतो कारण भाचीने पहिल्याच दिवशी विचारलं, दोऱ्या कुठेयत?

आता कामाला लागू. पाणी कुठलं घ्यायचं? ठाण्यात तळ्यांना तोटा नाही, मी तलावपाळीच्या कडेचं घेतलं, एकदा उपवनचं. मधोमधचं स्वच्छ पाणी घेऊ नका, काठाला जिथे पानं कुजतायत, शेवाळ आहे, तिथलं अर्धी बाटली घ्या आणि दोन कुजकी पानंही टाका त्यात. नवी मुंबईवाल्यांनी होल्डिंग पॉन्डच्या नादी लागू नये, तिथे भरतीचं खारं पाणी शिरतं, आपल्याला गोडं पाणी हवंय, गावातलं जुनं तळं बघा. नंतर हात साबणाने धुवा आणि हे पाणी नाकात जाऊ देऊ नका, तळ्याच्या कोमट पाण्यात कधीकधी मेंदूपर्यंत पोचणारे अमिबा असू शकतात, तिथे गंमत नको.

खाऊ म्हणून पेंढा. हापूसच्या पेटीतला पेंढा मे महिन्यात फेकता ना, तो थोडा ठेवून द्यायचा. मूठभर पेंढा कापून अर्धा लिटर पाण्यात दहापंधरा मिनिटं उकळा, गार करा, तोंडाला फडकं बांधून दोन दिवस तसंच ठेवा. पाणी थोडं गढूळ झालं की बॅक्टेरिया आले, पॅरामेशियमचं जेवण तयार. पेंढा नसेल तर चारपाच तांदळाचे दाणे टाकले तरी चालतं. नळाचं पाणी वापरणार असाल तर एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे. मग त्यात तळ्याचं पाणी ओता, उन्हाबाहेर ठेवा आणि आठ दिवस विसरून जा. माझी पहिली बरणी मी झाकण घट्ट लावून ठेवली होती. सहाव्या दिवशी उघडली तर असा वास सुटला की ताईने ती बरणी आणि मला दोघांनाही गॅलरीत काढलं. झाकण सैल हवं. एवढ्याशा चुकीने आठवडा गेला.

आठवडा-दहा दिवसांनी पाण्यावर साय धरते, तिच्या खाली लगेचच पॅरामेशियमची गर्दी असते. बरणी काळ्या कागदासमोर धरून बाजूने टॉर्च मारला की पांढरे ठिपके पळताना दिसतात, जोर लावला तर नुसत्या डोळ्यांनी, कारण कॉडेटम जातीचं पॅरामेशियम साधारण पाव मिलिमीटरचं असतं. ड्रॉपरने तिथलंच थेंबभर उचला.

इथे बहुतेक जण एक चूक करतात आणि मीही केली. जुन्या बरणीत गर्दी खूप, पण फाटणारे जवळपास शून्य, कारण खाऊ संपलेला असतो आणि उपाशीपोटी कोण विभागतंय. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यातले थोडे ताज्या पेंढ्याच्या पाण्यात हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. हिशोब सोपा आहे, पोट भरलेलं पॅरामेशियम दिवसातून दोनदा विभागलं आणि कंबर आवळलेली अवस्था अर्धा तास टिकली असं धरलं तर कुठल्याही क्षणी शंभरातले जेमतेम चार सापडणार. म्हणजे एक थेंब बघून आज नाहीच असं म्हणायचं नाही, दहा थेंब बघायचे.

स्लाइडवर ते पळतात, फार पळतात. कापसाचे दोनचार तंतू पिंजून थेंबात टाका, त्यात अडकतात. लॅबवाले मिथाइल सेल्युलोज वापरतात, मी इसबगोल भिजवून त्याचा चिकट भाग घेतला होता, वेग कमी होतो पण भुसा मधेमधे येतो, कापूसच बरा. कव्हर स्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे टिपके द्या, नाहीतर ती वरून दाबून मारते. आधी दहाच्या लेन्सने शोधा मग चाळीसची लावा, आणि खालची झडप थोडी बंद करा, उजेड कमी झाला की कडा उठून दिसतात. सगळं लख्ख करून बघायची सवय असते आपल्याला, इथे उलटं.

आता कोणतं फाटतंय ते ओळखायचं. दोन पॅरामेशियम अंगाला अंग लावून शेजारी शेजारी चिकटलेली दिसली तर ते विभाजन नाही, ते संयुग्मन, त्यांचा वेगळा कार्यक्रम चाललाय. विभाजनात दोघं एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारखी, आणि मधे आवळलेली कंबर. कंबर नुकतीच सुरू झाली असेल आणि खात्री वाटत नसेल तर आकुंची रिक्तिका मोजा, ते चांदणीसारखं उघडझाप करणारं भोक. नेहमीच्या कॉडेटमला दोन असतात, विभाजनाला निघालेल्याला चार दिसतात, कारण दोन्ही पिल्लांची सोय आधीच लावून ठेवलेली असते. भाचीला ही युक्ती इतकी आवडली की ती आता कुठलंही पॅरामेशियम दिसलं की आधी भोकंच मोजते.

केंद्रक बघायला ते मारावं लागतं, इलाज नाही. शाळेत अ‍ॅसिटोकार्मिन मिळत असेल तर उत्तम, लालसर रंगात केंद्रक ठळक येतं. घरी काहीच नसेल तर व्हिनेगरचा एक भाग नि पाण्याचे चार भाग करून एक थेंब कव्हर स्लिपच्या कडेने सोडा आणि समोरून टिश्यू पेपरने ओढून घ्या, अ‍ॅसिडने केंद्रक गोठतं आणि दुधी काचेसारखं वेगळं दिसायला लागतं. रंगाइतकं झकास नाही, पण दिसतं.

आणि इथे खरी मजा आहे. पॅरामेशियमला केंद्रकं दोन प्रकारची, एक मोठं राजम्यासारखं आणि त्याच्या खोबणीत बसलेलं एक चिमुकलं. मोठ्याचं काम रोजचा संसार, त्यात जनुकांच्या शेकडो प्रती. लहान म्हणजे तिजोरी, पुढच्या पिढीचा ऐवज त्यात. दोघंही विभागतात पण दोन वेगळ्या पद्धतीने, एकाच पेशीत, एकाच वेळच्या धावपळीत. लहान केंद्रक आधी. त्याच्या आत मायक्रोट्यूब्यूलची तर्कू, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे वाटणारी चौकट, तयार होते, पटल जागचं हलत नाही, आणि ती तर्कू लांब लांब होत जाते, म्हणजे सेल्फी स्टिक ओढत नेल्यासारखी, दोन टोकांचे दोन झुबके पेशीच्या दोन दिशांना जातात आणि मधला भाग बारीक दोरा होऊन शेवटी तुटतो. ज्याला रंगवलेल्या स्लाइडवर हा दोरा सापडला त्याने मला कळवायचंही कारण नाही, सरळ पेढे वाटावेत, मला तेवीस स्लाइडनंतर एकदा सापडला. मोठं केंद्रक मात्र तर्कू बिर्कूच्या भानगडीत पडत नाही, गुणसूत्रं रांगेत उभी करत नाही, नुसतं लांबतं, सॉसेज होतं, डंबेल होतं आणि तुटतं. वाटणी काटेकोर निम्मी होईलच असंही नाही, शेकडो प्रती असल्यावर इकडेतिकडे झालं तरी भागतं. पण बेवारशी लांबत नाही तेही. मायक्रोट्यूब्यूल तिथेही लागतात, आणि लांबायचं ते पेशीच्या लांबीच्या दिशेनेच.

आता भाचीचा प्रश्न, आडवंच का. पॅरामेशियमच्या अंगावरचे केस, म्हणजे पक्ष्माभिका, पुढून मागे अशा रांगांत असतात. प्रत्येक केसाच्या बुंध्याशी एक मूळ-कण असतो आणि त्याला ठरलेल्या दिशेने तंतू जोडलेले, असे हजारो, सगळी चटई विणल्यासारखी. विभाजनाआधी नवे मूळ-कण जुन्याच रांगेत, जुन्याच्या पुढेमागे बसतात, म्हणजे रांग रुंद होत नाही, लांब होते. मग सोयीचा काप कुठला? रांगांना आडवा. प्रत्येक रांगेचा पुढचा अर्धा एकाला, मागचा अर्धा दुसऱ्याला, नक्षी कुणाचीच बिघडली नाही. युग्लीनाचं उलट आहे. तिचा सगळा कारभार पुढच्या टोकाला, तिथे कशाभिकेचे मूळ-कण असतात, ते शेजारी शेजारी दुप्पट होतात, केंद्रक मागून पुढे सरकत येतं, तर्कू केंद्रकाच्या आतच आणि पेशीच्या लांबीला आडवी बसते, त्यामुळे दोन केंद्रकं डावी-उजवीकडे जातात आणि चीर पुढच्या टोकापासून मागे उतरत जाते. म्हणून उभं. अमिबाला कायमची पुढची बाजूच नाही, आज जिकडे पाय काढला तिकडे पुढे, मग दिशा काय सांगणार, म्हणून पुस्तकात ते साधं द्विविभाजन. तीन वेगळे शब्द पाठ करायला लावतात आणि मागचं कारण एकच असतं, ते कोणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

युग्लीना बघायची असेल तर हिरव्या पाण्याचा थेंब घ्या आणि रात्री बघा, दिवसा ती उन्हं खाते नि विभाजन बहुतेक अंधारात उरकते. सकाळी आठला बसाल तर हात हलवत परत याल.

या चटईचा एक किस्सा सांगायलाच हवा. १९६५ मधे जानीन बाइसाँ आणि ट्रेसी सोनबॉर्न यांनी पॅरामेशियमच्या काही रांगा उलट्या बसलेल्या घेतल्या, म्हणजे पुढचं तोंड मागे, आणि वाढवत राहिले. जनुकं जशीच्या तशी, तरी उलटी रांग पिढ्यानपिढ्या उलटीच राहिली, शेकडो पिढ्या. नवा कण जुन्याच्या शेजारी जुन्याच्याच दिशेने बसतो, एवढाच नियम. घरात एकाने चप्पल उलटी काढून ठेवली की मागचे सगळे तशीच ठेवतात, तसं.

पॅरामेशियम जमलं की यीस्टकडे वळा, सामान किराण्याच्या दुकानातच मिळतं. कोमट पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर बेकरी यीस्ट, दोनतीन तास, चाळीसची लेन्स. कळ्या फुटलेल्या दिसतील, पुस्तकातलं कलिकायन. पण सावध, पेशीत जो मोठा गोल बुडबुडा ठळक दिसतो ते केंद्रक नव्हे, ती रिक्तिका. कॉलेजात माझ्या जर्नलमधे मी त्यालाच बाण काढून केंद्रक लिहिलं होतं आणि सही पण मिळाली होती. खरं केंद्रक अशा उजेडात दिसतच नाही, त्यामुळे यीस्टचं अर्धं काम डोळ्यांनी आणि अर्धं डोक्याने करायचं.

डोक्याने असं. यीस्टमधे फाटण्याची जागा आधीच ठरलीय, कळीची मान. आईने केंद्रक अख्खं स्वतःकडे ठेवून विभागलं तर कळी रिकामी राहील, म्हणून तर्कूचं एक टोक मानेतून कळीत जायलाच हवं. केंद्रकाच्या पटलातच दोन खुंट्या रुतलेल्या असतात, तर्कूचे दोर, म्हणजे आपले मायक्रोट्यूब्यूलच, आतल्या बाजूला तिथून निघतात आणि बाहेरच्या बाजूलाही थोडे निघतात. बाहेरच्या दोराचं टोक एक मोटर प्रथिन पकडतं आणि अ‍ॅक्टिनच्या रुळांवरून चालत कळीकडे ओढून नेतं, मग डायनीन नावाची दुसरी मोटर खेचते. आत एकेका गुणसूत्राला फक्त एकच मायक्रोट्यूब्यूल, सोळा गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन जुळ्या प्रती, तर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा दोर, काटकसरीचा कळस. द्राक्ष बागायतदार कार्बेन्डाझिम फवारतात ना बुरशीवर, ते हेच करतं, बुरशीच्या ट्यूब्युलिनला चिकटतं, परांचीच बांधली जात नाही आणि केंद्रकाची वाटणी अडकते. येऊरला पावसाळ्यात कळलावी फुलते, लालपिवळ्या ज्वाळांसारखी, तिच्यातलं कोल्चिसिनही ट्यूब्युलिनलाच धरतं. म्हणून कळलावी आणून बरणीत घालायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली तर ती तिथेच सोडून द्या, कंद भयंकर विषारी आहे, माणूस जातो त्याने.

दहावीच्या पुस्तकात सूत्री विभाजनात केंद्रकपटल नाहीसं होतं असं असतं, ते आपल्यासारख्यांचं खरं. एकपेशीयांत घरोघरी वेगळी रीत. मी भाचीला तीन प्रश्न लिहून दिले, कुठलाही जीव आला की हे विचारायचे: पटल राहतं का, तर्कू आत की बाहेर, आणि दोर निघतात कुठून. यीस्टमधे पटल राहतं, तर्कू आत. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे रात्री समुद्र निळा चमकवणारी मंडळी, त्यांच्यात पटल राहतं पण तर्कू बाहेर, केंद्रकाला आरपार बोगदे पडतात आणि दोर बोगद्यांतून जातात, गुणसूत्रं आतून पटलाला टेकलेली. मुंब्र्याच्या पारसिक बोगद्यातून गाडी जाते आणि डोंगर जागच्या जागी असतो, तसं. मलेरियाच्या प्लाझमोडियममधे पटल राहतं, तर्कू आत, आणि पेशी मात्र विभागतच नाही, केंद्रकंच आधी विभागत राहतात, तीही एकाच तालावर नाही, ज्याची त्याची वेळ, आणि शेवटी सगळी एकदम सुटी होतात. पुस्तकातलं बहुविभाजन ते हेच.

पटल ठेवायचं तर एक अडचण येते आणि ती कणकेच्या गोळ्याने झकास दाखवता येते. एक गोळा घ्या, त्याचे दोन सारखे गोळे करा. कणीक तेवढीच, पण बाहेरचा पृष्ठभाग सुमारे २६ टक्के वाढला. म्हणजे पटल न मोडता एकाची दोन केंद्रकं करायची तर नवं पटल आणावं लागतं. पाँबे नावाच्या जातीचं यीस्ट, ज्याच्यावर पॉल नर्स यांनी काम केलं आणि ज्यांना २००१ चं नोबेल विभागून मिळालं, ते असं पटल वाढवतं. त्याचा सख्खा चुलत जपोनिकस वाढवत नाही, मग तर्कू लांबताना पटल ताणून ताणून मधे चक्क फाटतं नि नंतर शिवलं जातं. एकाच घराण्यात दोन रीती. फायझेरम नावाचा पिवळा, चिकट, बुरशीसारखा दिसणारा जीव तर याहून वरचढ, अमिबासारखी एकटी पेशी असताना पटल मोडतो, आणि हजारो केंद्रकांची एकच मोठी पेशी झाला की तोच जीव, तीच जनुकं, पण पटल ठेवून विभागतो. त्याचं कारण विचार केला तर पटतं, एकाच पेशीत हजार तर्कू एकदम उघड्यावर आल्या तर कुणाचा दोर कुणाच्या गुणसूत्राला लागेल सांगता येत नाही. २०२४ मधे प्राण्यांशी जवळचं नातं असलेल्या इक्थिओस्पोरियन नावाच्या सूक्ष्मजीवांवर काम झालं त्यातही हेच दिसलं, ज्या जातीत बरीच केंद्रकं एका पेशीत राहतात तिथे पटल शाबूत, आणि जी प्रत्येक केंद्रकामागे पेशी कापत जाते तिथे पटल मोडतं.

क्लासमधे दाखवायचं असेल तर महागडं मॉडेल नको. पातळ प्लास्टिकची पिशवी, आत थोडे रंगीत मणी, दोन लांब काड्या एकमेकींवर अर्ध्या चढवून रबराने सैल बांधलेल्या, पिशवीचं तोंड बंद. बाहेरून काड्या धरून एकमेकींवरून सरकवत लांब करायच्या. पिशवी ताणते, लांबोडी होते, हे बंद विभाजन. फाटली तर पोरांना सांगा, जपोनिकस झालं. मी ओढायच्या आत आमची पिशवी फाटलीच, मणी सोफ्याखाली गेले आणि एक अजून सापडायचाय.

काम झालं की बरणी सिंकमधे ओतू नका, उकळतं पाणी घालून थंड करून मग टाका, तळ्यात परत तर अजिबात नको. चालू ठेवायची असेल तर दर दहा-बारा दिवसांनी थोडं जुनं पाणी ताज्या पेंढ्याच्या पाण्यात हलवत रहा. आमची पाचवी बरणी सध्या गॅलरीत आहे, झाकण सैल.